दारांवर उडालेलं डांबर कसं काढावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पांढरी गाडी आहे. चार दिवसांपूर्वी डांबरीकरण चालू असलेल्या रस्त्यावरून गेली. दोन्ही बाजूंच्या दारांच्या खालच्या भागावर आणि मागच्या बंपरवर काळे ठिपके बसलेत, ते शाम्पूने हलत नाहीत. वॉशिंग सेंटरवाला म्हणतो, थिनरने पुसून वर रबिंग मारून देतो. मेहुणे म्हणतात, पेट्रोलचा बोळा फिरवा आणि मोकळे व्हा. शिवाय मागचा बंपर गेल्याच महिन्यात पेंट करून घेतलाय.

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. थिनर नको, पेट्रोल नको, आणि रबिंग तर आत्ता अजिबात नको. दारांवरचं डांबर तुम्हाला घरीच, सावलीत, एका सकाळी काढता येईल. बंपरला वेगळी वागणूक द्यावी लागेल, ती खाली सांगितली आहे. आणि घाई करू नका. चार दिवसांचं डांबर आणि सहा दिवसांचं डांबर यात काडीचा फरक नाही. महिनोन्‌महिने राहिलं तर मात्र ते उन्हाने कडक होतं आणि पांढऱ्या रंगावर तपकिरी छटा सोडून जातं.

या कामात रंगाचं नुकसान डांबर करत नाही, आपला हात करतो. ठिपक्याजवळ डोळा नेऊन बघा, जमल्यास मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठा करून बघा. वरून गुळगुळीत, काळा, फुगीर थेंब दिसतो. त्याच्या कडेला मात्र राखाडी कण रुतलेले दिसतील. ती खडीची कच असते. चाकाने डांबर उडवलं ते एकटं उडवलं नाही, रस्त्यावरची बारीक कचही त्यात घोळवून दारावर मारली. म्हणजे प्रत्येक ठिपका हा गोंदात बसवलेला पॉलिश पेपर आहे. तुम्ही तो कोरडा घासलात, नखाने खरवडलात किंवा भांड्याचा स्क्रबर लावलात, की ती कच क्लिअर कोटवरून, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावरून, ओढली जाते. डांबर निघतं, पण त्या जागी कोळ्याच्या जाळ्यासारखे चरे राहतात. मग ते घालवायला रबिंग आलंच.

रबिंगबद्दल माझा आकस का, तेही सांगतो. कंपनीतून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन रंग असतो. त्यात सर्वांत वरचा पारदर्शक क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. ऊन अडवणारी रसायनं याच थरात असतात. रबिंग म्हणजे हा थर थोडा थोडा खरवडून काढणं. गाडीच्या आयुष्यात एक-दोनदा, गरज पडल्यावर, जाणत्या माणसाकडून केलं तर हरकत नाही. पण दर वेळी ‘डाग निघत नाही’ म्हणून मशीन फिरवलं, तर पाच-सात वर्षांत बोनेटवर आणि छतावर क्लिअर कोटचे पापुद्रे सुटलेल्या ज्या गाड्या दिसतात, त्यांत आपलीही भर पडते. डांबरासाठी रबिंगची मुळात गरजच नाही, कारण डांबर विरघळतं.

रस्त्याचं आपलं डांबर म्हणजे कच्चं तेल शुद्ध करताना तळाशी उरणारं बिटुमेन. पाण्याशी त्याचं जमत नाही, तेलाशी जमतं. म्हणून शाम्पू कितीही महागडा असला तरी तुमचे ठिपके हलणार नाहीत, आणि साधं टर्पेंटाइन लावलं की दोन मिनिटांत ओघळायला लागतात. रंगाच्या दुकानात ‘टर्पेंटाइन’ म्हणून जे मिळतं ते पेट्रोलियमपासून केलेलंच असतं, ते चालतं. ऑईल पेंट पातळ करायला वापरतात तेच. नीट वाळलेल्या, कंपनीच्या रंगाला ते काही मिनिटांत अपाय करत नाही. रॉकेल मिळालं तर तेही चालतं, पण आता ते मिळणंच अवघड झालंय, आणि त्याचा तेलकट थर मागे जास्त राहतो. गाडीच्या सामानाच्या दुकानांत ‘टार रिमूव्हर’ नावाने जे स्प्रे मिळतात त्यांतही बहुतेक अशीच हलकी पेट्रोलियम द्रावणं किंवा संत्र्याच्या सालीपासून काढलेलं तेल असतं. ते वापरायला सोयीचे, वासाला बरे, एवढाच फायदा. घरात गंज सोडवायचा डब्ल्यूडी-४० असेल तर पंधरा-वीस ठिपक्यांसाठी वेगळं काही आणायची गरज नाही. फक्त तो थेट गाडीवर फवारू नका, फडक्यावर घ्या. ब्रेकच्या डिस्कवर त्याचा शिडकावा गेला तर ब्रेक लागायचे नाहीत.

थिनर का नको? डांबर त्यानेही निघतं, झटपट निघतं, म्हणून तर वॉशिंगवाल्यांना आवडतं. पण त्यात टोल्युइन, अ‍ॅसिटोन अशी तिखट द्रावणं असतात. कंपनीत सुमारे १४० अंशांना भाजलेला रंग थोडा वेळ टिकाव धरतो. मात्र त्या दारावर पूर्वी कधी टचअप झालेलं असेल आणि ते साध्या लॅकरने, म्हणजे हार्डनर न घालता नुसत्या वाळणाऱ्या रंगाने, केलेलं असेल, तर डांबराबरोबर रंगही फडक्यावर येतो. आणि वॉशिंग सेंटरवाला काही तुमच्या गाडीचा पूर्वेतिहास विचारत बसत नाही. मागच्या लाईटच्या काचा अ‍ॅक्रिलिकच्या आणि हेडलाईटच्या पॉलिकार्बोनेटच्या असतात. थिनरचा हात लागला की त्यांत बारीक तडे पडतात आणि काच कायमची धुरकट होते. ते परत येत नाही.

पेट्रोलचं तर कारणही सांगायला नको. त्याची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, मग आपल्याकडच्या हवेत काय होईल ते बघा. पार्किंगमध्ये कुणी सिगरेट पेटवायची, किंवा सिंथेटिक फडकं घासून ठिणगी उडायचीच खोटी. मेहुण्यांना म्हणावं, पूर्वी लोक करायचे हे खरं आहे, पण पूर्वी लोक बरंच काही करायचे.

आता कृती. गाडी सावलीत लावा आणि पत्रा गार होऊ द्या. हाताचा तळवा ठेवून बघा, चटका बसत असेल तर थांबा. आपल्याकडे रस्त्याला सर्रास वापरतात ते व्हीजी-३० डांबर ४७ अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं, आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याच्या सहज वर जातो. अशा वेळी फडकं लावलं की ठिपका निघत नाही, पसरतो. शिवाय द्रावण काम करायच्या आधीच उडून जातं. कुणी हेअर ड्रायरने गरम करून काढायचा सल्ला देईल. तो याच कारणासाठी ऐकू नका.

मग गाडी धुवा, पूर्ण धुवा. पाण्याचा जोर खालच्या भागावर जास्त मारा, कारण सगळी धूळ तिथेच असते. शाम्पूने एकदा फिरवून, धुऊन, पुसून कोरडी करा. हे टाळून थेट डांबराला भिडलात तर ठिपक्यातल्या कचेबरोबर बाजूची धूळही घासली जाईल. कोरडी करायची ती एवढ्यासाठी, की ओल्या पत्र्यावर टर्पेंटाइन ठिपक्यापर्यंत नीट पोचत नाही.

नंतर एक चाचणी. पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा दार उघडल्यावर दिसणाऱ्या कडेला टर्पेंटाइनचा ओला कापूस मिनिटभर दाबून ठेवा. रंग मऊ पडला, चिकट लागला किंवा चमक गेली तर थांबा. काही झालं नाही तर पुढे चला. पण आतल्या बाजूचा रंग कंपनीचा आणि बाहेरचा नंतर मारलेला, असंही असू शकतं. दार नंतर पेंट झालंय का हे ओळखायचं असेल तर काचेखालच्या रबरी बीडिंगवर आणि हँडलच्या खाचेत बघा. स्प्रेचे बारीक तुषार तिथे हमखास सापडतात. तिरप्या उजेडात एका दाराचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा आणि शेजारचा सपाट दिसला, तरी समजा.

सगळं ठीक असेल तर जुन्या सुती बनियनचा तुकडा किंवा मायक्रोफायबरचं फडकं घ्या. हे फडकं नंतर टाकूनच द्यायचंय, त्यामुळे भारीतलं नको. ते टर्पेंटाइनमध्ये भिजवून ठिपक्यावर नुसतं दाबून ठेवा. घासायचं नाही. एक ते दोन मिनिटं. उभ्या दारावर फडकं धरून हात दुखतो, म्हणून कापसाचे छोटे बोळे भिजवून प्रत्येक ठिपक्यावर चिकटवायचे. ओला बोळा आपोआप धरून राहतो. पाच-सहा ठिपक्यांवर बोळे लावून होईपर्यंत पहिला ठिपका तयार झालेला असतो.

तयार झालेला ठिपका ओळखू येतो. बोळ्याच्या कडेने चहाच्या रंगाचा ओघळ खाली उतरायला लागतो. बोळा काढला की खालचा थेंब चपटा, पातळ झालेला असतो आणि कचेचे कण सुटून वर आलेले असतात. इथेच सगळे चुकतात. निघतंय असं दिसलं की जोर लावतात. जोर लावू नका. फडक्याच्या स्वच्छ घडीने वरून खाली एकदाच हलकेच टिपून घ्या, घडी बदला, पुन्हा टिपा. काळी झालेली घडी दुसऱ्यांदा रंगाला लावायची नाही. पहिल्या फेरीत ठिपका पूर्ण गेला नाही तर पुन्हा बोळा लावा. राष्ट्रीय महामार्गांवर बऱ्याच ठिकाणी पॉलिमर मिसळलेलं डांबर असतं, ते जास्त चिवट असतं, त्याला तीन-चार फेऱ्याही लागतात. वेळ द्रावणाला द्यायचा, जोर कशालाच नाही.

बोळ्यावर तपकिरी उतरतच नाही असा एखादा ठिपका सापडेल. मग तो डांबर नाहीच. पांढऱ्या गाडीवर सुईच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके असतात ते लोखंडाचे कण. ब्रेकमधून किंवा रेल्वेच्या रुळांमधून उडालेले असतात. त्यांना आयर्न रिमूव्हर वेगळा येतो. पिवळे-पांढरे शिंतोडे असतील तर ते रस्त्यावरच्या पट्ट्यांच्या रंगाचे, आणि ते काम मात्र जाणकाराकडेच द्या, घरी नादी लागू नका.

टर्पेंटाइन रबराला चालत नाही. बीडिंग, मडफ्लॅप, टायर यांवर ते साचू देऊ नका, रबर फुगतं. दारांखालच्या काळ्या, न रंगवलेल्या प्लास्टिकच्या पट्टीवर मात्र ते चालतं, पण तिथल्या खरबरीत पोतात काळा ओघळ शिरतो आणि मग पट्टी पांढुरकी, डागाळलेली दिसते. तिथे टूथब्रशने थोडं थोडं लावून लगेच शाम्पूच्या पाण्याने धुवा. चाकांच्या वरच्या कमानीच्या आतलं डांबर तर मी काढतच नाही. कुणाला दिसत नाही आणि त्याने काही बिघडतही नाही. हातात नायट्राइलचे हातमोजे घाला, जागा हवेशीर ठेवा, आणि ओली फडकी गॅसजवळ किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. मोकळ्यावर वाळवून मग टाका.

सगळे ठिपके गेले की तो भाग शाम्पूने पुन्हा धुवा, नाहीतर तेलकट थरावर संध्याकाळपर्यंत धूळ बसेल. आता तिरप्या उजेडात बघा. पांढऱ्या रंगावर कुठे कुठे फिकट पिवळट गोल राहिलेला दिसेल. बहुतेक वेळा तो उरलेल्या डांबराचाच असतो आणि आणखी एका बोळ्याने जातो. त्यानेही गेला नाही तर हाताने, बारीक पॉलिशने, तेवढ्याच जागी चार-पाच वेळा फिरवा. क्ले बार (रंगात रुतलेली घाण उचलणारा मातीसारखा मऊ गोळा) वापरायचा असेल तर याच टप्प्यावर, आणि गुळगुळीतपणासाठी. ठिपके असताना क्ले लावला की डांबर आणि कच त्या गोळ्यात अडकते आणि पुढच्या प्रत्येक फटक्याला आपण तीच कच दारावर फिरवत राहतो.

आता बंपर. गेल्या महिन्यात पेंट केला, पण कुठे? भट्टीच्या बूथमध्ये, हार्डनर घातलेल्या रंगाने केला असेल तर महिन्याभरात तो पुरेसा पक्का झालेला असतो आणि वरची कृती चालते. तरी बोळा मिनिटभराच्या वर ठेवू नका. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये उघड्यावर स्प्रे मारून उन्हात वाळवला असेल तर टर्पेंटाइनही लावू नका. त्यासाठी घरातलं खोबरेल तेल घ्या. चेष्टा नाही, खाद्यतेलांतही डांबर विरघळतं, फक्त फार सावकाश. तेलात भिजवलेला कापूस ठिपक्यावर अर्धा तास ठेवा, टिपा, परत ठेवा. एका बंपरला अख्खी दुपार जाईल, पण नवीन रंगाचं काही बिघडणार नाही. शेवटी शाम्पूने तेल नीट काढा. आणि पेंट करणाऱ्याला एक फोन करून विचारा, टू-के (म्हणजे हार्डनर घातलेला) मारला का लॅकर. उत्तर द्यायला त्याने आढेवेढे घेतले तर लॅकर समजून चाला.

कोटिंग किंवा फिल्म लावलेल्या गाड्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण शेजारीपाजारी कुणी वाचत असेल म्हणून. सिरॅमिक कोटिंग असेल तर ठिपके सोपे जातात, कृती तीच. पीपीएफवर, म्हणजे रंगावर चिकटवलेल्या पारदर्शक संरक्षक फिल्मवर, डांबर लवकर काढा, त्या फिल्ममध्ये त्याचा पिवळा डाग मुरतो. द्रावण फिल्मच्या कडेला जाऊ देऊ नका, खालचा गोंद सुटतो. मॅट रंग असेल तर टिपणं एवढंच, पॉलिश आणि क्ले दोन्ही वर्ज्य, कारण घासलं की तिथे चकाकणारा चट्टा पडतो.

ज्या जागी टर्पेंटाइन लावलं तिथलं मेण निघून गेलेलं असतं. त्या भागावर त्याच दिवशी वॅक्सचा एक हात द्या. वॅक्समुळे पुढच्या वेळी डांबर चिकटणार नाही असं नाही, पण धरून बसायला त्याला थेट रंग मिळत नाही आणि बोळ्याने लवकर सुटतं.

पुढच्या वेळेबद्दल एवढंच. आपल्याकडे पावसाळा संपला की मे महिन्यापर्यंत रस्त्यांची कामं चालतात. नव्या थराआधी जुन्या रस्त्यावर एक पातळ तपकिरी द्रव फवारतात, त्यात डांबराचे कण पाण्यात मिसळलेले असतात. सगळ्यात जास्त शिंतोडे त्याचेच उडतात, गरम डांबराचे नव्हे. हा द्रव तपकिरी आणि ओला आहे तोवर साध्या पाण्याने धुऊन जातो. काळा पडला की पाणी उडून गेलं आणि नुसतं डांबर उरलं. म्हणून अशा पट्ट्यावरून जायची वेळ आली तर वेग वीस-पंचवीसवर आणा, पुढच्या डंपरपासून लांब राहा, आणि पहिल्या पेट्रोल पंपावर पाण्याचा पाइप मागून दारांच्या खालच्या भागावर पाणी मारून घ्या. घरी पोचेपर्यंत थांबलात तर परत बोळे घेऊन बसावं लागेल.